गोरक्षच्या मशिनीनं पुसलेलं गोंदण

सातपूरच्या चाळीतली भिंत इतकी पातळ, की शेजारची भाकरी करपली तर वास आधी कुसाबाईंना यायचा. तेव्हा शेजारच्या मायलेकाचं ते भांडण त्यांनी मुद्दाम कान लावून ऐकलं, असं कोणी म्हणू नये.

पलीकडे गोरक्ष राहायचा. कंपनीत लेथवर नवाच लागलेला. बदली होऊन गेलेल्या साहेबानं त्याला जुना कॅमेरा दिला होता, आणि तो घेऊन गोरक्ष गावाकडून, पेठहून, आलेल्या आईच्या मागे लागला होता.

"आई, पदर जरा हनुवटीवर घे ना. गोंदण दिसतंय. कंपनीतली पोरं हसतात."

"हसू दे!" झुंबरबाई कडाडली. "कपाळाला चंद्रकोर, हनुवटीला तीन ठिपके. माझ्या आयनं धरून बसवलं तवा रडले नाय मी, आन तू लाजतो व्हय? गोंदण नको तर तव्याचा फोटू काढ!"

मग कॅमेरा खट्‌कन वाजला. पदराचं काय झालं, ते भिंतीआडून कसं दिसणार?

त्याच साली झुंबरबाई गेली. मागे राहिली ती एक स्लाइड. बिस्किटाएवढी पुठ्ठ्याची चौकट, मधे फिल्मचा तुकडा, उजेडापुढे धरला की माणूस दिसतो. दुसरा फोटो नाहीच.

पुढे गोरक्ष रिटायर झाला आणि त्यानं जुना स्कॅनर आणि कॉम्प्युटर आणला. लोक माळ्यावरच्या स्लाइडी घेऊन यायचे, तो त्यांचे फोटो करून द्यायचा. कुसाबाई ऐंशीच्या पुढच्या, घरात कोणी बोलायला नाही. आपलं स्टूल घेऊन त्या त्याच्याकडे जाऊन बसत. लेथवरची सवय त्यानं सोडली नव्हती. एका वेळी एकच खिट्टी फिरवायची, काय झालं ते बघायचं, मगच दुसरीला हात. देवपूजा उरकणारी माणसं कुसाबाईंनी पुष्कळ पाहिली होती, पण इतक्या सबुरीनं काम करणारा हाच.

आईची स्लाइड मात्र त्यानं कधी काढली नाही. ती काढली यंदा, सायखेड्याहून थोरल्या बहिणीचा, नवसाबाईचा, फोन आला तेव्हा.

"गोरख, आईचं तोंड डोळ्यापुढं येत नाय रे आता. आवाज येतो, तोंड येत नाय."

गोरक्षचे हात तोवर कापायला लागले होते. "काकू, एवढी एक करतो आणि मशीन देऊन टाकतो," तो कुसाबाईंना म्हणाला.

इतक्या वर्षांत रंग उडून स्लाइड लालभडक झाली होती, वर बुरशीचे ठिपके. त्यानं आधी कॉम्प्युटरवरची, रंग आपोआप सुधारायची खिट्टी लावली. पडद्यावर चूल, तवा, झुंबरबाई.

कुसाबाई पुढे वाकल्या. "का रे, तुझ्या आईच्या तव्यावर चपाती कधीपासून?"

गोरक्ष हसला. नागलीची, म्हणजे नाचणीची, काळपट भाकरी मशिनीनं गव्हाची करून ठेवली होती! त्यानं ती खिट्टी बंद केली आणि भाकरीवर नजर ठेवून एकेक रंग हलवत गेला. भाकरी नागलीची झाली, तसं लुगडंही हिरवं झालं.

मग धूळ काढायची खिट्टी. ती त्यानं पार वर नेली. बुरशी गेली, चेहरा कसा स्वच्छ निघाला. गोरक्षनं मात्र तोंड पडद्याजवळ नेलं. पदर डोक्यावरच होता, खाली ओढलेला नव्हताच. तरी हनुवटी कोरी. बारके ठिपके म्हणजे धूळच, असं धरून मशिनीनं गोंदणही झाडून काढलं होतं.

"काकू," तो हळूच म्हणाला, "मी सांगूनही आईनं जे झाकलं नाही, ते हिनं न सांगता पुसलं."

"मग बंद कर की मेलीला."

त्यानं ती बंद केली. सगळ्यात मोठ्या मापानं स्लाइड पुन्हा घेतली आणि बुरशीचा एकेक डाग हातानं काढायला बसला. हात कापायचा म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरायचा. चेहऱ्यावर आला की थांबायचा. हा आईचा की बुरशीचा? मग पुटपुटायचा, "कपाळाला चंद्रकोर, हनुवटीला तीन." भांडणातला शब्दन्‌शब्द त्यालाही पाठ होता तर! आठवडा गेला, पण तिन्ही ठिपके जागेवर राहिले.

फोटो मोबाइलवर पाठवायची त्याची रीत नव्हती. ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. कुसाबाई हट्टानं बरोबर निघाल्या. पिशवीत खाली कोरडा टॉवेल, त्यावर काचेच्या फ्रेमीत बसवून पेपरात गुंडाळलेला फोटो, पिशवी मांडीवर. बस सायखेड्याला पोचेपर्यंत त्यानं ती खाली ठेवली नाही.

नवसाबाईच्या ओट्यावर त्यानं पेपर सोडला आणि सगळ्यांना विचारायचा तेच विचारलं, "ओळखलं का?"

नवसाबाईनं काचेवर बोट ठेवलं, तीन ठिपक्यांवर. मग तेच बोट आपल्या हनुवटीवरच्या ठिपक्यांवर नेलं.

गोरक्षनं काचेवरचा बोटाचा ठसा टॉवेलनं पुसला, पेपराची नीट घडी करून पिशवीत टाकली आणि विचारलं, "ताई, खिळा कुठं मारू?"