टमाटरातली अळी आणि बाबांचा फोन

मंडळी, आज दुपारी घरात जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवतच नाही!

ऐंशीच्या दशकात आमच्या आंजी गावच्या शेतात टमाटरावर औषध फवारलं की अळ्या खाली पडायच्या आणि सकाळी पुन्हा फळात तोंड खुपसून हजर! "पाणी मिसळून विकते लेकाचा," म्हणत बाबांनी औषधवाल्या देवरावकाकांशी, म्हणजे आपल्या जिवलग दोस्ताशी, बोलणंच तोडलं.

आज जेवताना बाबांनी पुन्हा तोच विषय काढला, तर कृषी शिकणारी माझी लेक म्हणाली, "आबाजी, औषधात खोट नसणार. तीच अळी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवरही असते. तिथं सगळे तेच औषध मारायचे. त्यातून वाचलेल्यांची पिल्लं तुमच्या टमाटरात आली. त्यांना ते बाधणार कसं?"

बाबांचा घास हातातच राहिला. "म्हंजे देवराव खरा होता?"

उष्ट्या हातानंच त्यांनी मला हिंगणघाटला देवरावकाकांना फोन लावायला लावला.

"देवराव, तुह्यं औषध खरं होतं बे!"

"मले माहीत हाय. म्याबी तेच मारलं होतं. माह्येबी टमाटर गेलते."

"मंग तवा काऊन नाई सांगतलं?"

"तू दुकानात आलाच कुठी?"

उद्या बाबांना घेऊन हिंगणघाटला चाललोय! तुमच्या घरी कोणाचा फोन राहिलाय?