भिंतीकडे तोंड करून

गिटारच्या दुकानात एक मुलगी गिटार वाजवून बघत होती आणि तिची मैत्रीण समोर उभी राहून ऐकत होती. "ही नको गं, पत्र्याचा डबा वाजतोय," मैत्रीण म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या.

मलाही गिटारच हवी होती, स्वस्तातली पण आवाजाला बरी. दुकानदार म्हणाले, "एकटेच आलात? आवाज पुढे जातो, वाजवणाऱ्याला नीट कळत नाही. कुणाला तरी सोबत आणायचं."

कुणाला आणणार? आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. कॉलेज, विषय, हे शहर, सगळं एकट्यानं निवडलं, आणि चांगलंच निवडलं. फक्त समोर उभं राहून ते कसं वाटतंय हे सांगणारं कुणी नव्हतं.

"मग भिंतीकडे तोंड करून बसा," ते म्हणाले. "आवाज परत येईल."

बसलो. कोपऱ्यातल्या एका साध्या गिटारचा आवाज भिंतीवरून गोड होऊन परत आला. तीच घेतली.

खोलीवरही तसाच बसतो. परवा आईला फोन लावला, गिटार घेतल्याचं काही न सांगता तो बाजूला ठेवला आणि वाजवलं.

"छान वाजतंय रे," आई खुशीत म्हणाली. "कोण आलंय तुझ्याकडे?"