आत्याच्या स्मरणार्थ

खरं म्हणजे ती एकाचीच आत्या होती, भावाच्या मुलाची. समोरचे दोन दात लहानपणापासून जरा पुढे, म्हणून त्याला घरात खारू म्हणत. खारूने बँड काढला, तेव्हा बँडमधले तिघे तिला आत्या म्हणू लागले. त्यांचं ऐकून दुसरा बँड, मग तिसरा, आणि बघता बघता दाढ्या वाढवलेले, हातभर गोंदवलेले बाप्ये तिच्या दुकानाच्या दारात उभे राहून लाडात येऊ लागले, "आत्या, हा बघ ना गं, सारखा गुरगुरतोय."

"कोण, अँप की तू?" ती मान वर न करता विचारायची.

दुकान जिन्याखालचं. वडिलांचं रेडिओदुरुस्तीचं. वडील गेले तेव्हा भावाने नोकरी धरली होती, त्याला दुकान नको होतं. तिला हवं होतं. लग्नाचं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची, एखादं काम मागे पडावं तसं. जागा इतकी बुटकी की उंच माणसाला आत ताठ उभं राहता येत नसे. टेबलावर दिवा, तारा जोडायला डाग द्यायची विजेची लेखणी, कथलाचं वेटोळं, आणि भिंतीला एकावर एक रचलेले अँप, म्हणजे वाद्यांचा आवाज वाढवणारी खोकी, आणि स्पीकर. स्वतःची गाणी स्वतः लिहून, स्वतःच तिकिटं विकून कार्यक्रम करणारे शहरातले सगळे बँड तिच्याकडेच यायचे, कारण नवीन सामान घ्यायची ऐपत कुणाचीच नव्हती. येत्या आठवड्यात कोण कुठे वाजवणार, कुणासाठी मदतीचा कार्यक्रम आहे, हे कळायला तिचं शटर बघितलं तरी पुरे. सगळ्यांची पोस्टरं तिथे चिकटवलेली असत.

ती स्वतः मात्र कार्यक्रमांना फारशी जात नसे. बँड तिला त्यांच्या बिघाडांवरून माहीत. हे ढिल्या केबलवाले, ते पाणी सांडणारे. गाणी तिने ऐकली ती तुकड्यातुकड्यांनी, दुरुस्त झालेला अँप तपासायला कुणी एखादी ओळ वाजवून दाखवी तेवढीच. चार वर्षं खारूचं गाणं ऐकायला इतकी थोडी माणसं येत की तिला ती नावानिशी सांगता आली असती. भावजय म्हणायची, "तुम्हीच त्याला चढवून ठेवलंय, ताई." त्यात खोटं काही नव्हतं. त्याची पहिली गिटार तिनेच जुन्या गिटारींचे अवयव जोडून बनवली होती.

पन्नाशी ओलांडली आणि तिला खोकला लागला. तीन महिने तिने तो कथलाच्या धुरावर ढकलला. शेवटी भाऊ हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेला. छातीच्या फोटोत उजव्या फुप्फुसात सुपारीएवढी गाठ दिसली. डॉक्टर बराच वेळ फोटोकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मला हे काही बरं वाटत नाही. काढून टाकावी लागेल. किती पसरलंय ते उघडल्यावरच कळेल."

ऑपरेशनचा खर्च ऐकून भावाने आकडा पुन्हा विचारून घेतला. खारू म्हणाला, "आपण कार्यक्रम करू. सगळे बँड येतील. आत्यासाठी कोण नाही म्हणेल?"

"मी नाही म्हणतेय," ती म्हणाली. "मला भीक मागायला बसवू नकोस."

"भीक कसली? इतकी वर्षं तू सगळ्यांसाठी केलंस."

"त्याचे पैसे घेतले मी. फुकट नाही केलं."

पण दोन रात्री खोकून खोकून काढल्यावर तिने मान डोलावली. पोस्टरवर चेहरा मात्र लावू दिला नाही. मग खारूने तिच्या हातांचा फोटो काढला, काळवंडलेली बोटं आणि त्यांत डागाची लेखणी. वर मोठ्या अक्षरांत: आत्यासाठी.

कार्यक्रमाला माणूस मावेना. तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. सहा बँड वाजवून गेले आणि शेवटी खारू एकटाच गिटार घेऊन उभा राहिला. म्हणाला, नवीन गाणं आहे. जिन्याखालचं एक दुकान, आत मिणमिणता दिवा, आणि एक दिवस ते दुकान उघडत नाही. दाराशी सगळे आपापली बिघडलेली वाद्यं घेऊन उभे आहेत. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. ती गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होती. डावा स्पीकर किंचित फाटतोय हे तिला ऐकू आलं, आणि हेही की पोराने पहिल्यांदाच काहीतरी खरं लिहिलंय. तिचा ऊर भरून आला. आपण आपलंच मरण ऐकून आलो, हे तिच्या ध्यानात आलं ते रिक्षात बसल्यावर.

ऑपरेशन झालं. गाठ काढली, तपासायला पाठवली. आठव्या दिवशी डॉक्टर हसत हसत आत आले. कसल्यातरी जुन्या आजाराचा व्रण होता. कॅन्सर नव्हता, काही नव्हतं. टाके सुकले की घरी.

भाऊ तिथल्या तिथे रडला. खारूनेही तिला मिठी मारली. पण मिठी सोडताना तो म्हणाला, "आता लोकांना काय सांगायचं?" तो गमतीने म्हणतोय असं समजून ती हसली. हसल्यावर टाके दुखले.

दीड महिन्याने तिने दुकान उघडलं. लोक आले, चौकशी केली. "अरे वा, बरी दिसतेस की!" त्या 'की'मध्ये काहीतरी होतं. एका ड्रमवाल्याने सरळच विचारलं, "म्हणजे ऑपरेशनची गरजच नव्हती म्हण ना?" दुसरा पैसे देताना क्षणभर थांबला, तिच्याकडे बघत राहिला, आणि तिने "राहू दे" म्हटलं. तेव्हापासून बऱ्याच जणांचं "राहू दे" झालं. एकदा नवीन चप्पल घातली तर समोरचा चहावाला म्हणाला, "आत्या मजेत आहे." माणूस मरता मरता वाचला तर आनंद व्हायला हवा. तसा तो झालाही असेल, पण ज्यांनी आपल्यासाठी डोळे पुसले त्यांचं आपण काहीतरी देणं लागतो, असं तिला दिवसभर वाटत राही.

गाणं मात्र गावोगाव गेलं. कुणीतरी त्या संध्याकाळचं चित्रण केलं होतं, ते लाखो लोकांनी पाहिलं. खारूच्या बँडला बाहेरगावची आमंत्रणं येऊ लागली. तो महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असे. तिला कौतुक होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमचा खारू आता सापडत नाही बाई."

असंच एक वर्ष गेलं असेल. एका सकाळी एक मुलगी दुकानासमोर येऊन उभी राहिली. पाठीला प्रवासाची पिशवी, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ. तिने शटरला हात लावला, डोळे मिटले, मग आत डोकावली.

"हेच ना आत्यांचं दुकान? गाण्यातलं?"

"हेच."

"आता तुम्ही चालवता?"

"हो."

"मी सात तास प्रवास करून आले. माझी आई पण त्याच आजाराने गेली. ते गाणं ऐकलं की..." तिला पुढे बोलवेना. "तुम्ही ओळखत होता त्यांना? शेवटी फार त्रास झाला का हो?"

आत्याच्या हातातली लेखणी तापलेली होती. तिने ती स्टँडवर ठेवली. खरं सांगावं असं तोंडाशी आलं होतं, पण मुलगी इतकी रडत होती की आत्याने तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "नाही. फार नाही झाला." मुलगी गेल्यावर तो गुच्छ कुठे ठेवावा तिला कळेना. शेवटी कथलाच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून ठेवला.

रविवारी ती भावाकडे गेली. खारू घरी होता. तिने घडलं ते सांगितलं आणि विचारलं, "तू काय सांगतोस रे लोकांना?"

"मी खोटं काहीच बोलत नाही, आत्या. फक्त म्हणतो, माझी एक आत्या होती, तिचं जिन्याखाली दुकान होतं. लोक आपले समजतात."

"होती?"

"गाण्याच्या आधी 'आहे' म्हटलं की सगळा रसभंग होतो. एकदा करून बघितलं मी. लोक हसले."

"हसले तर हसले!"

भावजय मध्ये पडली. "आत्ता कुठे त्याचं मार्गी लागतंय, ताई. तुमचं काय जातंय त्यात?"

"माझा जीव जातोय," आत्या म्हणाली. "मारायचं होतं तर निदान विचारायचं तरी."

भाऊ संत्रं सोलत होता. सालीचा एकेक तुकडा तो ताटलीत नीट लावून ठेवत होता. त्याने वर पाहिलं नाही. खारू म्हणाला, "बरं बाबा, यापुढे सांगत जाईन." आणि तिने विश्वास ठेवला.

दोन महिन्यांनी तिला बेकरीच्या भिंतीवर पोस्टर दिसलं. फोटो तिच्याच हातांचा. खाली: आत्याच्या स्मरणार्थ, छातीच्या रुग्णांच्या मदतीसाठी. रविवारी दुपारी चार वाजता, नगर सभागृह. मुख्य बँड खारूचा. तिच्या शटरवर ते कुणी लावलं नव्हतं. त्याआधीच्या तीन दिवसांत सहा गिऱ्हाइकं दुकानात येऊन गेली होती, सगळी त्याच स्टेजवर वाजवणारी, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नव्हता. त्यांनाही ती गर्दी हवी होती.

त्याच संध्याकाळी भाऊ दुकानात आला. स्टुलावर बसला, इकडचं तिकडचं बोलला.

"ताई, आयोजक बाहेरगावचा आहे. त्याने परस्परच छापलं. पोराला उशिरा कळलं."

"मग कळल्यावर?"

"तिकिटं खपली सगळी. पैसे गरीब पेशंटना जाणार आहेत. आता सांगितलं तर त्याचं नाव जाईल, आणि त्या बिचाऱ्यांचेही..." तो घुटमळला. "तेवढा एक दिवस तू बाहेर पडू नकोस. माझ्यासाठी."

त्याची मान खाली होती. लहानपणी त्याने काच फोडली की ती स्वतःवर घ्यायची, तेव्हाही तो ती अशीच खाली घालायचा.

"बरं," ती म्हणाली.

रविवारी ती शटर अर्धं ओढून काम करत बसली होती. पावणेचार वाजता सभागृहाचा वॉचमन धापा टाकत आला. त्याने पोस्टरं कधी वाचली नव्हती, पण सभागृहात काही बंद पडलं की कुणाला बोलवायचं एवढं त्याला पंधरा वर्षांत पाठ झालं होतं. "चल लवकर. गिटारचा अँप मेलाय. सगळे त्यावरच वाजवणार आहेत. हॉल खचाखच भरलाय, आजारी माणसं येऊन बसलीत."

नाही म्हणायला तिच्याकडे कारण होतं, पण ते वॉचमनला सांगण्यासारखं नव्हतं. तिने पिशवी उचलली.

स्टेजवर दिवे लागले होते. ती मागच्या दाराने चढली आणि अँपमागे गुडघ्यांवर बसली. खारू माइकपाशी होता. त्याने वळून पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. मागे उभा असलेला ड्रमवाला काड्यांशी चाळा करू लागला. पहिल्या रांगेत एक म्हातारा नाकाला नळी लावून बसला होता. शेजारी त्याची बायको सिलिंडरवर हात ठेवून. त्यांच्यामागे माणसंच माणसं, आणि त्यांतलं कुणीच तिला चेहऱ्याने ओळखत नव्हतं.

तिने झाकण काढलं. जॅकपाशी डाग सुटला होता. पाच मिनिटांचं काम. लोक चुळबुळू लागले तसा खारू माइकमध्ये म्हणाला, "थोडा तांत्रिक अडथळा आहे. आपल्या टेक्निशियन मॅडम सुट्टीच्या दिवशी धावून आल्यात. त्यांच्यासाठी एकदा टाळ्या होऊ द्या."

टाळ्या झाल्या. म्हाताऱ्यानेही वाजवल्या.

आत्याने झाकण बसवलं, स्क्रू आवळले. "वाजव," ती हळू आवाजात म्हणाली. त्याने तारा छेडल्या. आवाज स्वच्छ आला. ती उठली. माइक हातभरच लांब होता. खारू तिच्याकडे बघत होता, ओठ किंचित उघडे, ते दोन दात दिसत होते. एक वाक्य पुरेसं होतं. तिला ते येतही होतं.

"आवाज ठीक आहे," ती त्याला म्हणाली. "गा."

गाणं सुरू झालं तेव्हा ती रस्त्यावर पोचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दुकानात आला, टेबलापाशी खाली बसून रडला. म्हणाला, तूच बोलून टाकशील असं वाटलं होतं, बोलली असतीस तर सुटलो असतो.

"म्हणजे तेही मीच करायचं?"

तो बाहीने डोळे पुसू लागला.

"काल मला मॅडम म्हणालास तू."

"मग काय म्हणणार होतो, आत्या? तिथे सगळ्यांसमोर?"

तिला हेच उत्तर हवं होतं असं नाही, पण दुसरं कुठलं मिळेल असंही वाटलं नव्हतं. तिने त्याला उठवलं, तोंड धुवायला लावलं, चहा दिला. तो पुढच्या महिन्यात मोठ्या शहरात राहायला गेला. फोन करतो. ती उचलते, "जेवलास का" विचारते. गाणं तो अजून गातो आणि आधी काय सांगतो ते ती विचारत नाही.

दुकानात आता ती सगळ्यांकडून पैसे घेते, पूर्ण. काही जण यायचे थांबले.

भावाकडे मात्र जाणं टळलं नाही. तीन महिन्यांनी जेवायला बोलावलं, तेव्हा गेली. भावजयीने आग्रह कर करून वाढलं, भाऊ पाण्याचा तांब्या पुन्हा पुन्हा तिच्याकडे सरकवत राहिला. कुणी तो विषय काढला नाही. भिंतीवर खारूचा नवीन फोटो होता, मोठ्या स्टेजवरचा, आणि ती बरोबर त्याच्यासमोर बसली होती. जेवण झाल्यावर तिने आपलं ताट आपण उचललं. भावजय "अहो ताई, राहू द्या" म्हणेपर्यंत घासून उपडं घातलंही.

दारात चपला घालताना भाऊ म्हणाला, "येत जा गं."

त्या घरातून बाहेर पडताना आजवर ती नेहमी 'येते' म्हणायची. त्या दिवशी ती "निघते" म्हणाली. भावाच्या ते ध्यानात आलं की नाही, कोण जाणे. त्याने मागून जिन्याचा दिवा लावला आणि ती खाली उतरेपर्यंत तो दारात उभा होता.