तुंब्याचा गुण

कोळवणात काविळीचं औषध सारजाकाकूच द्यायची. औषध म्हणजे तुंब्याचा पाला. भाताच्या बांधावर पांढऱ्या फुलांचा उगवतो तोच. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं, पण नाव कोणी घ्यायचं नाही, नाहीतर म्हणे गुण जातो. आणखी दोन नेम होते. घरच्या माणसानं येऊन मागितल्याशिवाय औषध द्यायचं नाही. आणि रोगी बरा होईपर्यंत देणारीनं त्याचं तोंड बघायचं नाही. मी अंगणवाडीसेविका, मला या नेमांचा मनस्वी राग यायचा. पण काकूपुढं बोलायची कोणाची छाती होती!

गेल्या भादव्यात तिच्याच मुलाला, विश्रामला, कावीळ झाली. तो पिरंगुटला कंपनीत होता, तिथंच बायकोबरोबर राहायचा. काकूकडं फोन नाही, म्हणून सुनेनं, नलिनीनं, मला कळवलं. डोळे पिवळेधमक झाले होते, दवाखान्यात ठेवलं होतं.

त्या दिवसापासून काकू रोज सकाळी फुलांसकट तुंबा खुडायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि ओट्यावर बसून पिरंगुटकडून येणाऱ्या जीपगाड्या बघत राहायची. संध्याकाळी सुकलेला पाला टाकून द्यायची.

"काकू, नुसतं बघून तरी ये," मी म्हणाले.

"तोंड बगितलं की माज्या हातचा गुण गेला. मागाय येऊ दे कुनाला तरी. येतीलच."

तिकडून नलिनी फोनवर विचारायची, "आई येनार हायेत का?" मी म्हणायचे, येतील. काकूला म्हणायचे, मागतील. दोघींना धीर दिला की मी मोकळी.

नवव्या दिवशी विश्राम गेला. यकृत आधीच निकामी झालं होतं, कशानंच वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

तेराव्याला काकूनं सुनेला सगळ्यांसमोर विचारलं, "का गं मागितलं न्हाईस?"

नलिनीनं मान वर केली नाही. "मी लई येळा म्हनलं, जाते म्हनून. हे नकोच म्हनायचे. औषिद मागितलं तर आई मला बगाय यायची न्हाई, म्हनायचे."

काकू रडली नाही. मला मात्र स्वतःची लाज वाटली, अजूनही वाटते.

आता बांधावर तुंबा नुसता माजलाय. लोक अजून लांबून येतात. काकू त्यांना ओट्यावर बसवते, पाणी देते आणि म्हणते, "औषिद न्हाई माज्याकडं. दवाखान्यात न्या. आन् त्येची आई हाय का? तिला आदी त्येच्याजवळ बसवा."