पाण्यावर उतरणारं विमान

ओल्या ताडपत्रीचा वास आला की मला रत्नागिरीचं बंदर आठवतं. पन्नास सालानंतरची गोष्ट. लग्नानंतर पहिल्यांदाच मी मुंबईला नवऱ्याकडे निघाले होते, सोबत सासरे होते. खोल पाण्यात थांबलेल्या आगबोटीकडे आमचा पडाव हेलकावत चालला होता. सासऱ्यांना स्वस्थ बसवेना. ते उठत, बसत, पुन्हा किनाऱ्याकडे बघत. एक लाट काठावर फुटली, तोंडावर पाणी आलं आणि ते तांडेलाला म्हणाले, "पडाव मागे घे, मी नाही येत." मी हळूच विचारलं, "अब्बा, काय होतंय?" "लढाईत साहेबाचा खानसामा होतो, पोरी. पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून बसऱ्याहून कराचीला आलो. उतरताना खिडक्या पाण्यानं झाकल्या. वाटलं, बुडालो. तेव्हापासून पाणी अंगावर आलं की जीव थाऱ्यावर राहत नाही." तेवढ्यात पडाव आगबोटीला लागला. सुनेनं सासऱ्याचा हात धरायची आमच्याकडे रीत नव्हती, पण सगळ्यांदेखत मी तो धरला आणि शिडीवर पाय ठेवला. ते मागोमाग चढले. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे. माझे पाय त्यांच्याहून जास्त लटपटत होते, हे त्यांना कधी कळलं नाही, याचं अजून बरं वाटतं.