शेवटचं प्रकरण

इस्पितळाच्या पिशवीत टाकायला जुनी रहस्यकथा काढली, तर पानाला चिकटलेल्या बेदाण्याचा गोडसर वास आला. बेदाणा तासगावच्या आबाकाकांच्या द्राक्षबागेतला.

तीस वर्षांपूर्वी मिरजेत त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी मोठे डॉक्टर सहा शिष्यांसह आले आणि "काळजी करू नका" असं स्वतःच्या घड्याळाला सांगून गेले. मग मी काकांना हे पुस्तक वाचून दाखवू लागलो. काका बेदाणे चघळत ऐकत होते.

कथेतला माळी सांगतो, खुनाच्या वेळी मी द्राक्षांची छाटणी करत होतो.

"थांब रं. महिना कंचा?"

"जुलै."

"जुलैत छाटणी? ती एप्रिलात न्हाईतर ऑक्टोबरात. ह्येनंच मारलाय लेका!"

आयुष्यभर रहस्यकथा वाचून मी मात्र वकिलावर संशय धरून बसलो होतो.

शेवटचं प्रकरण आलं तेव्हा काकांनी पानात बेदाणा ठेवून पुस्तक मिटलं.

"ऱ्हाऊ दे. भाईर आलो की वाच."

"पण खुनी तर तुम्हांला कळलाय."

"व्हय. तरीबी ऱ्हाऊ दे."

मला तो निव्वळ हट्ट वाटला. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी नळ्या लावलेल्या हाताने पुस्तकाकडे बोट केलं. मी वाचलं. माळीच निघाला, आणि काका रडू लागले. खुनी सापडला म्हणून रडणारा वाचक मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

उद्या माझं ऑपरेशन आहे. खुनी कोण, हे मला पक्कं माहीत आहे. तरी बेदाण्यापर्यंतच वाचलं आणि पुस्तक उशाशी ठेवलं.