मागच्या माइकवर तिघी

आजवर मी स्टेजवरून सगळ्यात जास्त वेळा गायलेला शब्द म्हणजे 'हो'. त्याच्या खालोखाल 'गो'. पनवेल आणि आसपासच्या गावांतल्या हळदी, साखरपुडे, सोसायट्यांचे गणपती, कुणाकुणाचे वाढदिवस, असल्या कार्यक्रमांना आमचा ऑर्केस्ट्रा असतो आणि त्यात मी कोरसला असते. दिवसा मी बँकेत काम करते. तिथे लोक माझ्याशी फार नीट बोलतात, कारण बँकेत मी पुढच्या काउंटरवर बसते.

खरं तर मी मुख्य गायिका व्हायला गेले होते. आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक दिवसभर कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गाळ्यावर काम करतात आणि संध्याकाळी गोदामाच्या वरच्या खोलीत कीबोर्ड वाजवतात. तालमी अजूनही तिथेच होतात. मी माझं लग्नाआधीपासूनचं ठेवणीतलं गाणं म्हटलं. ऐन अंतऱ्यात खाली ट्रकमधून सळयांचा गठ्ठा पडला. मी थांबले नाही. मालकांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मॅडम, आवाज चांगला आहे. कुणाच्या अंगावर येत नाही. मागे घेऊ तुम्हाला."

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "झाली का निवड?"

"झाली."

"कशात?"

"मागे."

तो काळजीने म्हणाला, "मागे म्हणजे स्टेजवरच ना?"

स्टेजवरच, पण जेमतेम. ढोलकीवाला आणि पडदा यांच्यामध्ये एक माइक उभा असतो, त्याच्याभोवती आम्ही तिघी. एका बाजूला आँटी. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, भावंडं केव्हाच इस्रायलला गेलेली, पण ह्या पनवेल सोडून कुठे गेल्या नाहीत. लहानपणी घरी जुन्या करारातल्या कथांची मराठी कीर्तनं ऐकत वाढलेल्या, त्यामुळे आवाज खालचा, भरदार आणि इतका पक्का की त्यावर घर बांधावं. शुक्रवार मावळल्यापासून शनिवार मावळेपर्यंत त्यांचा शब्बाथ, तेव्हा त्या गात नाहीत. शनिवारी हळद असली की मालक स्वागत, सत्कार, देवांची नावं, गावच्या देवळाचं नाव, सरपंचांचं नाव असं काय काय लांबवत बसतात. पब्लिकला वाटतं, किती संस्कारी ऑर्केस्ट्रा आहे. मालकांचं सगळं लक्ष रिक्षातून उतरणाऱ्या आँटींकडे असतं.

दुसऱ्या बाजूला वयनी, म्हणजे वहिनी. ही उरणकडची कोळीण. सकाळी पनवेलच्या बाजारात मासे विकते. तिचा आवाज मासळीबाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचायला तयार झालेला, म्हणून तिला माइकपासून हातभर लांब उभं करतात. तरीही ती ऐकू येतेच. मी दोघींच्या मध्ये. मालकांच्या भाषेत मी फेविकॉल.

आमच्या पुढे, दिव्यांच्या झोतात, मुख्य गायक. त्यांना सगळे दादा म्हणतात. चमकीचं जॅकेट, काळा गॉगल, आणि पायात असे बूट की चालताना ते बूट आधी दिसतात आणि दादा मागून येतात. माणूस वाईट नाही. गातातही बरं, फक्त वरचा सूर आला की त्यांची दमछाक होते. मग ते माइक पब्लिककडे धरतात, मान मागे टाकतात, डोळे मिटतात, आणि तो सूर मागून आँटी लावतात; पुरुषाचा वरचा तो त्यांना मधला. टाळ्या पडतात. दादा गाडीत बसताना म्हणतात, "आज वरचा काय लागला!" आँटी शांतपणे पाण्याची बाटली उघडत म्हणतात, "लागला हो."

कार्यक्रमाच्या शेवटी सगळ्यांची ओळख करून देतात. कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड, साउंडवाला, एकदा तर जनरेटर घेऊन आलेल्या माणसालाही टाळ्या मिळाल्या. आम्ही राहून जातो. लग्नाच्या अल्बमांमध्ये माझं कोपर पुष्कळ घरांत आहे.

तर हे असं सुखाने चाललेलं असताना विचुंब्याची हळद आली.

विचुंब्यात आता चारी बाजूंना टॉवर उभे राहिलेत, त्यांच्या मधोमध ते गावातलं घर, पुढे मांडव, आणि वर टॉवरच्या गॅलऱ्यांमध्ये फुकटात बघायला उभे राहिलेले लोक. नवरदेवाला हळद लागत होती. मांडवात अख्खा गाव पिवळा झाला होता. आम्ही तिघी एकसारख्या साड्या नेसून आमच्या माइकपाशी तयार. फक्त दादा नव्हते. आधीच्या एका कार्यक्रमाची सुपारी उरकून ते येणार होते आणि कळंबोलीच्या सर्कलला एक कंटेनर आडवा झाला होता.

"पाच मिनिटांत पोचतो," दादा फोनवर सांगत होते. मागून हॉर्न असे वाजत होते की पाच मिनिटांवर कुणाचा विश्वास बसू नये. मालकांनी नुसत्या कीबोर्डवर दोन गाणी वाजवली. मग नवरदेवाचा काका स्टेजपाशी येऊन म्हणाला, "गानारा नाय तं आमी डीजे आनू का?"

मालकांना घाम फुटला. ते वळून आमच्याकडे बघू लागले. इतकी वर्षं त्यांची पाठच बघत असल्यामुळे त्यांचा चेहरा मला एकदम नवीन वाटला.

"मॅडम, तुम्ही सुरू करा," ते म्हणाले. "तिघी पुढे या. रोजचंच गाणं आहे."

ज्या क्षणाची मी वाट बघत होते तो विचुंब्यात, कंटेनरच्या कृपेने का होईना, आला होता. मी पदर खोचला, पुढे गेले, माइक हातात घेतला. नवऱ्याला व्हिडिओ करायला बोलवायला हवं होतं, असं मनात आलं. ढोलकी सुरू झाली. कीबोर्डवर सुरुवातीचे सूर वाजले. माझी जागा आली. मी तोंड उघडलं.

आणि माझ्या लक्षात आलं की मला गाणं येत नाही.

म्हणजे येत होतं. प्रत्येक ओळीचे शेवटचे दोन शब्द मला झोपेतून उठवलं तरी आले असते. 'आला गो, आला गो' कुठे घ्यायचं, किती लांबवायचं, कुठे तोडायचं, सगळं हाडामासात भिनलेलं. पण कोण आला, कुठून आला, आणि कशाला आला, हे दादा म्हणायचे. ते मी कधी ऐकलंच नव्हतं. मी आपली जागा यायची वाट बघत असायचे.

मालकांनी सुरुवातीचे सूर पुन्हा वाजवले. मी माइक बाजूला करून वयनीला विचारलं, "सुरुवात काय आहे गं?"

वयनीचे डोळे विस्फारले. "मना इचारतेस? मी तं तुजं तोंड हललं का गाते."

मी आँटींकडे बघितलं. त्या आयुष्यभर टेलिफोन खात्यात लोकांचे नंबर तोंडपाठ ठेवून बसलेल्या बाई. आता त्यांना नक्की येणार. त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि अत्यंत शांतपणे म्हणाल्या, "मला 'हो'पासून पुढे माहीत आहे."

सुरुवातीचे सूर तिसऱ्यांदा वाजले. ढोलकीवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की मी आता गायले नाही तर तो ढोलकी टाकून गाईल. काहीतरी करायला हवं होतं. मी डोळे मिटले आणि जे येत होतं ते, पूर्ण ताकदीने, गायले:

"आला गोऽऽ, आला गो!"

मागून आँटी आणि वयनीने सवयीने सूर भरला. फार सुंदर लागला तो सूर. आणि तिथेच संपला. सगळा मांडव पुढे काय म्हणून आमच्याकडे बघतोय. टॉवरमधले लोकही गॅलरीतून वाकले.

मांडवाच्या मधोमध एक बाई उभी राहिली. नवरदेवाची आत्या. गालांना, कपाळाला, कानांना हळद, हातात हळदीचा तांब्या. तिला आमचं गाणं नव्हे, आम्ही गाण्यावर केलेला अन्याय सहन झाला नव्हता.

"अगो बायांनो," ती ओरडली, "शेपटीपासून काय सुरू करता? त्याच्या आदी हाय ना!" आणि तिने उभ्या जागेवरून, माइकशिवाय, त्याच्या आधीची ओळ खणखणीत म्हणून दाखवली.

ओळ संपली. आमच्या तिघींच्या तोंडून, आम्ही काही ठरवायच्या आत, "आला गो, आला गो" बाहेर पडलं. पायावर ठोकलं की गुडघा उडतो तसं.

मांडवात एकच हशा उठला. आत्याने पुढची ओळ घेतली. आम्ही शेपूट लावलं. तिसऱ्या ओळीला बायकांनी तिला धरून स्टेजवर चढवलं, मी माइक तिच्या हातात दिला आणि अक्षरशः पळत मागे आमच्या माइकपाशी गेले. इतकं सुरक्षित मला माहेरीही वाटलं नसेल.

आता अडचण अशी की आत्याला सगळे शब्द येत होते, पण तिचा सूर तिचा स्वतःचा होता. मालक काळ्या पट्ट्या दाबून बघत होते, पांढऱ्या दाबून बघत होते, आत्या त्या दोन्हींच्या मधल्या फटीत कुठेतरी गात होती. एका ओळीत ती वर जायची, पुढच्या ओळीत आठवण आल्यासारखी खाली यायची. इथे मात्र आमची इतकी वर्षं कामाला आली. आत्या जिथे जाईल तिथे आँटी आधी जाऊन उभ्या राहायच्या, तिच्या सुराखाली हात धरल्यासारखा आपला सूर धरायच्या. वयनी वरून घट्ट करायची. मी मधली भोकं बुजवायचे. दुसऱ्या कडव्याला आत्या एकदम सुरात आली. तिलाही ते कळलं. तिने चमकून मागे बघितलं. गाणं चालू असताना आमच्याकडे कुणी वळून बघितल्याची ती पहिलीच वेळ.

त्यानंतर माइक कुणाच्याच हातात टिकेना. नवरदेवाची मामी गायली, काकू गायली, डीजे आणायला निघालेला काका गायला. त्याला दोनच ओळी येत होत्या, त्या त्याने सहा वेळा म्हटल्या आणि आम्ही प्रत्येक वेळी नवीन उत्साहाने साथ दिली. शेवटी पिवळाजर्द नवरदेवही पाटावरून उठून आला.

अशात दादा पोचले. गाडी सर्कललाच सोडून कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आले होते. जॅकेटची चमकी धुळीखाली गेलेली, गॉगल केसांत. ते ऐटीत स्टेजवर चढले आणि आत्यापुढे हात केला. आत्याने माइक काखेत धरला.

"आलास? बस, आदी जेव. मंग बगू."

"मावशी, मी गायक आहे."

"मंग आमी कोन हाव?"

सगळा मांडव बघतोय, खाली उतरलं तर इज्जत जाईल, म्हणून दादा हळूहळू मागे सरकत आमच्यापाशी आले आणि चौथे उभे राहिले. मी सरकून जागा दिली.

कोरसमध्ये गाणं सोपं असतं असा त्यांचा समज होता. पहिल्याच ओळीला त्यांनी आत्याचं संपायच्या आधी 'हो' घेतला, आणि त्यात एक मुरकी टाकली. कोरसच्या 'हो'त मुरकी म्हणजे आमटीत बर्फी. दुसऱ्या वेळी ते इतके जोरात गायले की आत्याने रागाने मागे बघितलं. तेव्हा वयनीने त्यांच्या दंडाला हळदीच्या हाताने चिमटा काढला आणि म्हणाली, "दादा, जरा खाली घ्या. आपन मागं हाव."

दादा खाली आले. मग थोड्या वेळाने त्यांना ते जमू लागलं. एकदा आम्हा चौघांचा सूर इतका एकजीव झाला की कोण कुठला ते मलाच कळेना. दादांनी डोळे मिटले होते. या वेळी ते खोटे मिटलेले नव्हते. गाणं संपल्यावर ते आँटींना हळूच म्हणाले, "तो वरचा... नेहमी तुम्हीच लावता, नाही?"

"कधी कधी," आँटी म्हणाल्या.

त्या हळदीनंतर आमचा भाव वधारला असं म्हणायला हरकत नाही. विचुंब्याच्याच दुसऱ्या घरून मालकांना फोन आला: "गानारी मानसं आमच्या घरची हायत, त्या तीन बाया तेवढ्या पाठवा." मग एका सोसायटीच्या चेअरमनना बायकोच्या वाढदिवसाला गायचं होतं. त्यांना सुरात ठेवता ठेवता आम्हाला घाम फुटला, पण त्यांची बायको रडली. आनंदाने रडली असं आम्ही धरून चाललो. दादांची गाणी आहेतच, पण आता ते ओळख करून देताना आमच्याकडे हात करतात आणि आमच्यावर दिवा पडेपर्यंत थांबतात.

मला मात्र विचुंब्याचं लागून राहिलं होतं. मी एक गाणं पहिल्या शब्दापासून पाठ केलं. भाजी चिरताना म्हटलं, पोळ्या लाटताना म्हटलं, नवऱ्यालाही पाठ झालं. मालकांना सांगितलं, आणि नेऱ्याला डोंगराखालच्या एका फार्महाउसवर निवृत्तीचा समारंभ होता, तिथे त्यांनी मला ते गाणं दिलं.

मी गायले. शब्द चुकले नाहीत. सूरही बरा होता. पण मागे दोघीच होत्या, आणि त्या दोघींच्या मधली जागा मला ऐकू येत होती. प्रत्येक ओळ संपली की माझी मान आपोआप मागे वळायची. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. तिसऱ्या कडव्याच्या सुमाराला फार्महाउसचा राखणदार काठी घेऊन पडद्यामागे गेला आणि बॅटरी मारून बघून आला. पाहुण्यांना वाटलं होतं की मला मागे साप दिसतोय.

परतताना टेम्पोत मी विचारलं, "कसं झालं?"

"गायलीस छान," आँटी म्हणाल्या. "शब्द स्पष्ट होते."

वयनीने इतका मुलाहिजा ठेवला नाही. "तू पुरं माइकवर गेलीस नं आमच्या मदी ह्ये एवरं भोक परलं," ती दोन्ही हात पसरून म्हणाली. "मी तं झोक जाऊन आँटीच्या अंगावर परत होते."

टेम्पो खड्ड्यांतून उडत होता आणि आम्ही तिघी एका बाकावर कोंबून बसलो होतो, मी मध्ये. पुढच्या सीटवरून दादांनी विचारलं, शनिवारी रात्री साखरपुडा आहे, चौथा माणूस चालेल का मागे, एखाद्या गाण्याला? आँटी म्हणाल्या, आधी तालमीला या, मग ठरवू.